उंबऱ्यावरची लिंबं

देवासला मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, तेही हिंदीतून. त्यामुळे कुठल्याही गोष्टीला पुरावा मागायची सवय मला लागली आहे. पुरावा मिळेपर्यंत समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय मात्र शाळेतली नव्हे, माझी स्वतःची. ती घेऊनच मी गेल्या हिवाळ्यात ग्रीसमधल्या एका एवढ्याशा बेटावर लेकीकडे गेले.

लेकीनं ग्रीक मुलाशी लग्न केलं आहे. दोघांचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही होणारं. म्हणून अथेन्सचं भाडं देत बसण्यापेक्षा हिवाळाभर जावयाच्या आजोबांच्या रिकाम्या घरात राहायचं असं त्यांनी ठरवलं. त्यातच लेकीला दिवस गेले. बेटावर एक तरुण डॉक्टर होता, पण बाळंतपणाची सोय नव्हती. त्यासाठी जानेवारीच्या मध्याला अथेन्सला जायचं ठरलं होतं. मी डिसेंबरच्या सुरुवातीला पोचले, तेव्हा तिला आठवा लागायचा होता.

उन्हाळ्यात म्हणे इथे पाय ठेवायला जागा नसते. मी पाहिलं ते बेट म्हणजे सुट्टी लागलेली शाळा होती. खाणावळींच्या खुर्च्या एकावर एक रचून प्लॅस्टिकनं बांधलेल्या, चारातली तीन घरं बंद, निळ्या खिडक्यांना आतून अडसर. मागे उरलेली जेमतेम शंभर माणसं. एक किराणा दुकान, एक पाववाला आणि धक्क्याजवळ एक कॉफीचं दुकान. तिथे म्हातारे हातात मण्यांची माळ फिरवत बसत. मला वाटलं, जप करतायत. जावई म्हणाला, नाही, नुसताच हाताला चाळा. हे मला पटलं नाही. दिवसभर माळ ओढायची आणि नाव कुणाचंच घ्यायचं नाही?

दुकानांच्या पाट्या मला वाचता येत. पाय, थीटा, सिग्मा, डेल्टा, सगळी माझ्या ओळखीची अक्षरं. वाचायचं सगळं आणि कळायचं काहीच नाही.

माणसं एकमेकांना भेटली की आकडा सांगत. ‘आज किती?’ ‘सहा.’ ‘उद्या?’ ‘आठ.’ हे वाऱ्याचे आकडे. आठाला पोचला की बोट सुटत नाही. बोट आली नाही की भाजी नाही, पेपर नाही, औषध नाही. आणि वारा सुटला की कधी कधी वीजही जाई. घर दगडी, भिंती हातभर जाड, तरी कपाटातले कपडे दमट लागत. एका लोखंडी शेगडीत ऑलिव्हची लाकडं जाळायची आणि सगळ्यांनी त्याच खोलीत बसायचं. जानेवारीतल्या देवासच्या थंडीला मी थंडी म्हणत आले होते, ते शब्द मी तिथे मागे घेतले.

शेजारी, भिंतीला भिंत लावून, एक म्हातारी राहत होती. पंचाहत्तरीची असेल. अंगावर काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. नवरा मासेमारी करायचा, तो वारल्यापासून तिनं दुसरा रंग घातलेला नाही, असं लेक म्हणाली. मी पोचले त्या दिवशी ती दारात आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग लेकीच्या पोटाकडे बघून हसली, काहीतरी बोलली आणि त्या पोटावर तीनदा थुंकली. फ्तू, फ्तू, फ्तू.

मी लेकीला मागे ओढलं.

“अगं आई, नजर लागू नये म्हणून करतात इथे,” लेक म्हणाली. “आपल्याकडे नाही का थू थू करत?”

“करतात. पण घरची बाई करते. परकी नाही.”

“ती परकी नाहीये इथे.”

पण कोण परकं आणि कोण नाही, हे मी माझं ठरवणार होते.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर दोन लिंबं. आपल्यासारखी छोटी नव्हेत, मुठीएवढी, पिवळीजर्द, देठाला हिरवी पानं. कुणीतरी बरोबर मधोमध ठेवलेली. अजून उजाडत होतं, लेक-जावई झोपलेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आता खरं सांगायचं तर शाळेत मी मुलींसमोर अंधश्रद्धेवर दोन-तीन भाषणं ठोकलेली आहेत. पण चौकात पडलेल्या लिंबाला वळसा घालून जाणारी मीच. आणि इथे तर पोटुशी लेक, तिनं सकाळी पहिलं पाऊल टाकायचं ते त्याच उंबऱ्यावर. मी धारला जावेला फोन लावला. आमच्याकडे सकाळचे सात म्हणजे तिच्याकडे साडेदहा. माझी धाकटी जाऊ या बाबतीत घरातली जाणकार.

“वहिनी, हात नाही ना लावला?” तिनं पहिलं हेच विचारलं.

“नाही.”

“बिलकुल लावू नका. हा टोटकाच आहे. पोटुशी बाई ज्या घरात असते तिथंच टाकतात. आमच्या नुक्कडवर कुणी टाकलं होतं, त्या घरात आठ दिवस ताप हटला नाही.”

मागून दिराचा आवाज आला, “लिंबू म्हणजे लिंबू! शरबत करा ना, वहिनी!”

“तुम्ही गप्प बसा हो,” जाऊ त्यांच्यावर खेकसली. मग मला म्हणाली, “सुपलीत ढकला आणि वाहत्या पाण्यात सोडा. मागं वळून बघू नका. आणि पोरीला एक अक्षर सांगू नका, उगाच घाबरेल.”

वाहतं पाणी तिथे कुठलं? नर्मदा असती तर गोष्ट वेगळी होती. मी समुद्रावर भागवलं. केरसुणीनं लिंबं सुपलीत ढकलली, धक्क्याच्या टोकाला गेले, पाण्यात सोडली आणि मागे न बघता परत आले. परतताना म्हातारीच्या खिडकीची फळी बोटभर उघडी होती, आणि त्या फटीत काळं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी तीन लिंबं. तिसऱ्या दिवशी एक. मग पाच. एक दिवस काहीच नाही, मग पुन्हा चार. मी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडे लिहून ठेवायला लागले. दोन, तीन, एक, पाच, शून्य, चार. यात काही क्रम सापडतो का ते बघत होते. वारानुसार लावून पाहिले, तिथीनुसार लावून पाहिले. अमावास्येला पाच आली होती एवढंच जुळलं आणि तेवढ्यानं माझं अंग शहारलं.

संशय घ्यायला माणसं मोजकीच होती. पाववाला मला पाव देताना हसत नसे. कॉफीच्या दुकानातला एक म्हातारा, जुना खलाशी, मला बघितलं की हात वर करून “बॉम्बे! चलो!” असं ओरडे आणि बाकीचे एकदम गप्प होत. माझ्यामागे नेमकं काय बोलणं चालू होतं? पण सगळ्यात जास्त संशय शेजारणीवर. आठवड्याभरानं मी सुपली घेऊन परत येत असताना ती गल्लीतच समोर आली. रिकाम्या सुपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि जमिनीवर थुंकली. या वेळी हसली नाही. झालं, माझा पुरावा मला मिळाला.

त्या दिवसापासून लेकीला मी एकटीला गल्लीत जाऊ देईना. “आई, तुला काय झालंय?” ती विचारी. मी म्हणे, “निसरडं आहे.”

ख्रिसमसच्या आधीच्या मंगळवारी लेकीची तपासणी होती, शेजारच्या मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात. बोटीनं दोन तास. सकाळी जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. मला येताना बोट इतकी लागली होती की माझं मीच म्हटलं, तुम्ही दोघं जाऊन या. शेगडीजवळ लाकडं रचून ठेवून, दोनदोनदा सूचना देऊन ते गेले. धक्क्यावर मी उभी होते. म्हातारीही तिच्या दारात उभी होती.

दुपारी वारा उठला. सात, मग आठ, बुधवारी सकाळी नऊ. वारा म्हणजे काय ते मला तोवर माहीतच नव्हतं. घर आतून हुंकारत होतं. समुद्र धक्क्यावर चढून प्लॅस्टिकनं बांधलेल्या खुर्च्यांपर्यंत येत होता. बोट रद्द झाली. दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळानं मोबाईलचं नेटवर्कही गेलं. लेकीचा शेवटचा निरोप होता, ‘प्रेशर थोडं जास्त आहे, काळजी करू नकोस.’ त्यापुढे काही नाही.

मी दाराला आतून खुर्ची लावली. खिडक्यांचे अडसर तपासले. गॅसच्या सिलिंडरवर खिचडी टाकली आणि उभ्यानंच खाल्ली. ज्या गावाचा मला एक शब्द कळत नाही, ज्या गावाला माझा एक शब्द कळत नाही, तिथे मला काही झालं तर कुणाला कळणार होतं? आणि लेकीचं प्रेशर का वाढलं? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते भिंतीच्या पलीकडे राहत होतं.

गुरुवारी भर दुपारी दार वाजलं. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. म्हातारी. हातात पातेलं, पातेल्यावर ताट, ताट उडू नये म्हणून वर दगड. तिनं हाक मारली. मी श्वास धरून बसले. परत हाक मारली. मग पातेलं पायरीवर ठेवून गेली.

मी ते आत घेतलं नाही. खिडकीशी उभी राहिले. बेटावर माणसांपेक्षा मांजरं जास्त, त्यातलं एक पिवळं मांजर दोन मिनिटांत आलं, पंजानं ताट सरकवलं, दगड पडला, ताट वाजत गल्लीतून गेलं आणि मांजर पातेल्यात तोंड घालून खायला लागलं. कोंबडीचं सूप असावं, त्यात भात दिसत होता. मी घड्याळ लावून मांजराकडे बघत बसले, त्याला काय होतं ते. पाऊण तास. मांजरानं पोटभर खाल्लं, मिशा चाटल्या, आडोशाला अंग चोरून झोपलं. मी मनात म्हटलं, काही विषं उशिरा चढतात.

तेवढ्यात म्हातारी पातेलं न्यायला आली. तिनं मांजर पाहिलं, पातेलं पाहिलं, मग मान वर करून थेट खिडकीच्या फटीकडे पाहिलं. माझा डोळा तिला दिसला, यात मला शंका नाही. ती वाऱ्यात गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वाकून ताट उचललं आणि घरात गेली. ते वाकणं बघून मला कसंनुसं झालं, पण खुर्ची मी हलवली नाही.

शुक्रवारी सकाळी पुन्हा दार वाजलं. या वेळी खलाशी.

“बेटी!” तो ओरडला. “टेलिफोन! चलो, जल्दी!”

“किसकी बेटी?” मी आतून विचारलं.

तो जरा थांबला. शब्द शोधत असावा. मग म्हणाला, “तुम.”

हा माणूस मला घराबाहेर का काढतोय? आत काय आहे त्याला हवं असलेलं? असे चार-पाच प्रश्न एका क्षणात डोक्यात येऊन गेले. मग त्यानं दाराला तोंड लावून लेकीचं घरातलं नाव उच्चारलं. ते नाव जावयालासुद्धा नीट म्हणता येत नाही. ते तिच्याकडूनच ऐकलेलं असणार. मी छत्री घेतली, पावसासाठी नव्हे, आणि बाहेर पडले.

तो माझ्यापुढे चार पावलं चालत राहिला. कोपऱ्यावर वाऱ्यानं मी भिंतीवर आदळले तेव्हा त्यानं हात पुढे केला. मी छत्रीचं टोक दिलं. ते धरून त्यानं मला कॉफीच्या दुकानापर्यंत नेलं.

तिथे जुना तारेचा फोन होता, तो चालू होता. रिसीव्हर कानाला लावला तर लेक रडत होती.

“आई, तीन दिवस झाले गं! कुठे होतीस? शेजारच्या आजींना किती वेळा निरोप दिला, त्या म्हणतात, तुझी आई दार उघडत नाही.”

“तू कशी आहेस?”

“मी बरी आहे. प्रेशर खाली येत नाहीये, म्हणून डॉक्टर म्हणतात बेटावर परत जायचं नाही. आज मोठी बोट सुटली तर आम्ही इथूनच अथेन्सला जातोय. तू बोट सुरू झाली की ये. आजी तुला बसवून देतील.”

“ती नको,” मी म्हणाले.

आणि मग वळून पाहिलं तर म्हातारी तिथेच, माझ्यामागे, शेगडीशी खुर्ची ओढून बसलेली. दुकानातले सगळेच माझ्याकडे बघत होते. मी आवाज खाली करून लेकीला सगळं सांगून टाकलं. लिंबं, सुपली, समुद्र, पंचांगावरचे आकडे.

“आई,” ती म्हणाली, “त्यांना फोन दे.”

म्हातारी उठली, रिसीव्हर घेतला, ऐकलं, मग भराभरा बोलायला लागली. एक हात छातीवर, एक माझ्याकडे. तिनं रिसीव्हर परत माझ्या हातात कोंबला.

“त्या म्हणतायत, मागच्या अंगणात त्यांचं लिंबाचं झाड आहे. पाहुणी आली म्हणून रोज पहाटे ठेवत होत्या. वाऱ्यानं जेवढी पडतील तेवढी.”

वाऱ्यानं पडतील तेवढी! माझा क्रम त्या झाडाखाली होता, आणि मी तो अमावास्येत शोधत होते.

“त्या विचारतायत, माझी लिंबं एवढी वाईट होती का, की तिनं समुद्रात टाकली? आम्हालाही वाटत होतं, हल्ली आजींनी लिंबं का नाही दिली.”

एकतीस वर्षांत फळ्यावर माझं गणित वर्गासमोर चुकलं नव्हतं असं नाही, पण असं कधी चुकलं नव्हतं. “माफी माग माझ्याकडून,” मी म्हणाले.

रिसीव्हर पुन्हा तिच्याकडे गेला. तिनं ऐकलं. मान हलवली. मग आवाज एकदम खाली आणून, माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत, काहीतरी लांबलचक सांगितलं. रिसीव्हर माझ्याकडे आला तेव्हा लेकीला हसू आवरत नव्हतं.

“आता काय?”

“त्या म्हणतायत, माफ केलं. पण तू आल्यापासून वारा पडलेला नाही. सगळं गाव म्हणतंय. तू रोज पहाटे तोंडानं काहीतरी पुटपुटत समुद्राला लिंबं वाहतेस, त्यांनी स्वतः पाहिलंय. त्यांची एवढीच विनंती आहे की, जे काय बांधलंयस ते सोड, म्हणजे बोट येईल.”

पुटपुटणं म्हणजे रामरक्षा होती. “सांग तिला, मी काही बांधलेलं नाही. मी गणिताची शिक्षिका आहे.”

लेकीनं सांगितलं असावं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि पुन्हा क्रूस काढला. गणित हे उत्तर तिला पुरेसं वाटलं नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं नसतं.

त्या दुपारी ती मला हाताला धरून तिच्या घरी घेऊन गेली. पातेल्यात या वेळी पालेभाजी होती, डोंगरउतारावरून खुडून आणलेली, नुसती उकडून वर तेल आणि लिंबू. मी कोंबडी खात नाही हे तिला फोनवर लेकीकडून कळलं होतं. चव चाकवताच्या जवळची. मी खाल्लं. पहिला घास घेताना मी ती खाईपर्यंत थांबले, हेही लिहायलाच हवं. आणि तीही माझ्याकडे बघत होती, मी ओठ हलवतेय का ते.

शनिवारी सकाळी वारा पाचावर आला.

म्हातारी माझी बॅग धरून धक्क्यावर आली. पाववाला, खलाशी, किराण्यावाली, सगळे बोटीसाठी आलेले. माझ्याकडे बघून आपसात बोलत होते आणि मला भाषांतराची गरज नव्हती. काल बाईला विनंती केली, आज वारा पडला. म्हातारीनं माझ्या दंडावर थोपटलं, शहाणं मूल सांगितलेलं ऐकतं तेव्हा थोपटतात तसं. मी नाही-नाही म्हणून मान हलवली. तिला ते हो वाटलं असावं.

अथेन्सला मी रविवारी पहाटे उतरले. त्याआधीच, शनिवारी संध्याकाळी, लेकीचं ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं होतं. मुलगी झाली. वजन कमी, म्हणून काचेच्या पेटीत. लेकीला बघून, तिच्या कपाळावर हात ठेवून, मी जावयाबरोबर वरच्या मजल्यावर गेले. आत सोडत नव्हते. काचेपलीकडे चार पेट्या, चार बाळं, सगळी लाल, सगळ्यांच्या डोक्याला तीच पांढरी टोपी.

“कुठली?” मी हिंदीत विचारलं. तेवढी हिंदी त्याला समजते.

त्यानं डावीकडून दुसऱ्या पेटीकडे बोट दाखवलं.

“पक्कं?”

“पक्का,” तो म्हणाला.

मी त्या पेटीकडे बघितलं, मग तिच्या शेजारच्या पेटीकडे. एवढ्या सारख्या चार पेट्या, नर्स सारख्या बदलणाऱ्या, काल रात्री इथे कोण होतं कोणास ठाऊक. “तुला कसं माहीत?”

तो दोन रात्री झोपला नव्हता. डोळे लाल झालेले. त्यानं कपाळ काचेला टेकवलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “मी काल संध्याकाळपासून इथून हललो नाही, आई.”

मला आई म्हणण्याची त्याची ती पहिलीच वेळ. मी माझी शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली, त्याला बाकावर झोपायला लावलं, आणि त्या दुसऱ्या पेटीवर नजर ठेवून काचेपाशी उभी राहिले.